पाणी आधी की नंतर?

एकाच माणसाच्या शेजारी आठवड्यातून तीनदा, चार-चार तास बसून बघा. पहिल्या महिन्यात तब्येतीच्या गप्पा संपतात, दुसऱ्यात सुनांच्या. तिसऱ्यापासून उरतात ते नुसते किस्से! फ्रीगंजमधल्या आमच्या डायलिसिस युनिटमध्ये मी टेक्निशियन, म्हणजे मशीन लावणारी. माझ्याकडे किस्से पोत्यानं आहेत.

*

सगळ्यात जास्त पाध्ये सरांचे. रिटायर्ड गणिताचे मास्तर, घर नानाखेड्याला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डायलिसिसनंतर इतके गळून जायचे की मुलगा आणि शेजारी मिळून त्यांना उचलून वर न्यायचे.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "सर, काय त्रास होतो?"

"त्रास सोडा हो. मला माझ्या पायांनी घरी जायचंय! जन्मभर पोरांना बाकावर उभं केलं, आणि आता मला गव्हाच्या कट्ट्यासारखं उचलतात. शरम वाटते."

मॅडम म्हणाल्या, "नवीन मशीन आलंय. करून बघू."

*

नवीन मशीनचा मामला असा. ते रक्तातलं पुष्कळ पाणी गाळून काढतं, त्याबरोबर कचराही जातो. मग स्वच्छ पाणी परत रक्तात घालायचं. ते फिल्टरच्या आधी घालायचं की नंतर? दोन्ही पद्धती आहेत.

मी सरांना हे समजावत होते, तर शेजारच्या पलंगावरून सरवटे काकू म्हणाल्या, "अगं, चिंचेचा कोळ! घट्ट गाळला तर कस जास्त उतरतो, पण गाळणी तुंबते. आधी पाणी घातलं तर भराभर गाळतो, पण पातळ!"

दुसऱ्या दिवसापासून मॅडमसुद्धा सगळ्यांना चिंचच सांगायला लागल्या. एवढं शिकून!

*

याच काकूंनी एकदा कमाल केली. आमच्याकडे आधी वजन घेतात, आणि जितकं जास्त भरेल तितकं पाणी मशीन अंगातून काढतं. त्या दिवशी काटा अर्धा किलो जास्त.

"काकू, पाणी जास्त प्यायलात!"

"देवाशप्पथ नाही! घोटभर चहा घेतलाय फक्त."

आम्ही कशाला ऐकतोय! जास्तीचं काढायला लावलं. तिसऱ्या तासाला काकूंच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की त्या ओरडायलाच लागल्या. मी धावत जाऊन सलाईन सोडलं, पाय चोळले. तेवढ्यात त्यांचा खोचलेला पदर सुटला आणि त्यातून एक नारळ गडगडत सरांच्या पलंगाखाली गेला. भाचीकडून ओटी भरून घेऊन बाई थेट काट्यावर उभ्या राहिल्या होत्या!

सर म्हणाले, "वहिनी, मशीननं त्या नारळाचं पाणी तुमच्यातून काढलं हो!"

काकू पाय धरून हसत होत्या. तेव्हापासून आमच्याकडे काट्यावर चढण्याआधी पदर आणि खिसे तपासतात.

*

सरांना मॅडमनी पहिल्यांदा "नंतर"वाली पद्धत लावली, कारण तिच्यात सफाई जास्त. पण सरांचं रक्त पडलं घट्ट! दर दहा मिनिटांनी अलार्म. आमचा वॉर्डबॉय रामसिंह म्हणाला, "मास्टरजी, इतनी घंटी तो आरती में नहीं बजती!" एकदा तर फिल्टरच तुंबला आणि अर्ध्यात थांबवावं लागलं.

मग "आधी"वाली लावली. जास्त पाणी लागलं, पण चार तास अलार्मचं नाव नाही. तासाभरानं सरांनी मला हाक मारली. "अगं, बघ जरा, मशीन बंद तर नाही पडलं?"

इकडे काकूही नवीन मशीनवर होत्या, आणि त्यांच्या अंगाची खाज "नंतर"नं गेली होती. झाली ना जुंपायला सुरुवात! "आधी!" "नंतर!" शेवटी मॅडम वैतागल्या. "इलेक्शन आहे का? दोघांचं रक्त वेगळं, दोघांची पद्धत वेगळी. बस!"

*

सर मात्र गणिताचे. त्यांनी वहीत दोन रकाने आखले. कुठल्या पद्धतीनंतर स्वतःच्या पायांनी किती पायऱ्या चढलो, ते लिहायचे. "नंतर"खाली पाच, सात, आणि फिल्टर तुंबला त्या दिवशी शून्य. "आधी"खाली अकरा, एकोणीस, अठ्ठावीस. घरापर्यंतच्या जिन्याला पायऱ्या चोपन्न. ते आकडे वाचून दाखवायचे तेव्हा मला भरून यायचं, पण सरांसमोर रडायची सोय नव्हती.

*

एका शनिवारी सुई काढताना ते म्हणाले, "आज तू घरी चल. साक्षीदार पाहिजे."

मी स्कूटीवरून त्यांच्या रिक्षामागे गेले. जिन्यापाशी मुलगा आणि शेजारी बाह्या सरसावून, प्लास्टिकची खुर्ची घेऊन तयारच होते. सरांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "कुणी मागे यायचं नाही," म्हणाले आणि कठडा धरून चढायला लागले.

आम्ही तिघं खाली. वरून चपलांचा आवाज येत होता. पहिला मजला झाला. दुसरा झाला. मग आवाज थांबला.

मुलगा धावणार, तर मी त्याचा हात घट्ट धरला. "थांब रे. थांब जरा." किती वेळ गेला, काय सांगू! आणि मग पुन्हा, फट... फट... फट. दाराची बेल वाजली. आतून सरांच्या बायकोचा आवाज आला, "अगं बाई! अहो, एकटे?"

मिनिटभरानं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सर वाकले. चेहरा लालबुंद, दम लागलेला.

"अरे गाढवा, खाली काय उभा राहिलायस? ती खुर्ची वर आण, मला बसायचंय!"