पायाकडची जाळी

बाबा गेले त्या दिवशी मी रडलो नाही, पेटीला गेज लावून बसलो होतो. नातेवाईक ही गोष्ट अजून सांगतात आणि दर वेळी मला राग येतो, कारण ती खरी आहे.

मे महिना होता. टिटवाळ्यातलं आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे सकाळी दहालाच भिंती तापायला लागायच्या. बाबा पहाटे हॉस्पिटलमध्ये गेले आणि आम्ही त्यांना घरी आणलं. ताई लातूरला दिलेली. लहान बाळाला घेऊन ती सकाळीच निघाली होती, पण संध्याकाळी सहाच्या आत पोचणं शक्य नव्हतं. बाबा तीन आठवडे आजारी होते आणि बाळामुळे तिला एकदाही येता आलं नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मी येईपर्यंत थांबा रे. मला बाबांचा चेहरा बघायचाय." मी हो म्हणालो. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये फ्रीज आणि एसी दुरुस्त करून मी पोट भरतो. एखादी गोष्ट दिवसभर थंड ठेवणं हे तर माझंच काम.

कल्याणला जाऊन शवपेटी भाड्याने आणली. स्टीलची लांब पेटी, वर काचेचं झाकण, खाली कॉम्प्रेसर. जिन्यातून चढवताना मी चौघांवर खेकसत होतो, कारण पेटी फार कलली की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. बाबांना आत ठेवलं. अकरापर्यंत आतल्या तापमानाचा काटा चार अंशांवर आला, तेव्हा कुठे माझा जीव जरा खाली बसला.

पण मला बसवेना. विहारातली माणसं आली, त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. जो येई तो झाकण उचलायला बघे आणि मी मध्ये जाऊन उभा राही. "काचेतूनच बघा. उघडू नका." शेवटी मावशी वैतागली. "बाप आहे रे तुझा, कुल्फी नव्हे," ती म्हणाली. मी तिलाही उलट बोललो.

एकच्या सुमाराला कॉम्प्रेसर टिक करून बंद पडला. काही मिनिटांनी सुरू झाला, पुन्हा टिक. काटा सातवर गेला, मग नऊवर.

लोकांना वाटतं मशीन थंडी तयार करतं. तसं काही नसतं. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकायची, एवढाच हा धंदा. कॉम्प्रेसर गॅसला दाबतो. दाबला की तो तापतो, सायकलला हवा भरताना पंप तापतो तसा. मग पेटीच्या पायाकडच्या जाळीमागच्या नळ्यांमधून फिरताना तो आपली उष्णता खोलीतल्या हवेला देतो आणि त्याचा द्रव होतो. तो द्रव पुढे एका अगदी बारीक नळीतून जातो, तिच्या पलीकडे दाब एकदम उतरतो, आणि कमी दाबात तो पेटीतल्या थंडीतसुद्धा उकळायला लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो पेटीतून ओढून घेतो. जाळीतून हवा खेळली नाही तर उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढत जातो, आणि जळून जायच्या आधी कॉम्प्रेसर स्वतःच बंद होतो.

हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या दिवशी मात्र डोक्यात एकच बसलं, गॅस कमी झालाय. भाड्याच्या पेट्या टेम्पोतून आदळत फिरतात, कुठेतरी सांधा सुटतो, गॅस निघून जातो. बॅग काढली, गॅसचा दाब मोजायचा गेज लावला. नव्या पोरांना मी शिव्या घालून शिकवतो, की मशीन चालू होऊ दे, काटा स्थिर होऊ दे, मग ठरव. बंद मशीनचा दाब गॅस किती उरलाय ते सांगत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! कॉम्प्रेसर सुरू झाल्या झाल्या मी सिलिंडर उघडून आणखी गॅस आत सोडला. माझ्याने पाच मिनिटं थांबवलं नाही.

मशीन मिनिटभरात बंद पडलं. पेटीतलं तापमान बारावर. अडीच वाजले होते, ताई अजून पुण्यालाही पोचली नव्हती, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी पेटीच्या पायाकडे फरशीवर फतकल मारली. समोर पांढरी चादर होती. पेटीवरून चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली, फक्त वरची काच उघडी. पायाकडे ती जाळीमागच्या पंख्याने हळूहळू आत ओढली जाऊन जाळीला घट्ट चिकटली होती. बाजूला केली तर आतून भाजणारी झळ आली. गॅस कधी कमी झालाच नव्हता. सकाळपासून ती चादर माझ्या डोळ्यांसमोर होती.

मी ती ओढून काढली. पेटीच्या लांब बाजूवर लाल अक्षरांत दुकानाचा फोन नंबर आणि 'चोवीस तास सेवा' उघडं पडलं. आई उठून आली.

"घाल ती परत. मी झाकलंय ते. चाळीस वर्षं कंपनीच्या नावाचा शर्ट घातला त्यांनी. आज तरी अंगावर कुणाचं नाव नको."

"मग सडू दे का त्यांना?"

मी हे मोठ्याने बोललो. आई जागेवर जाऊन बसली. तोंडातून गेलेले ते शब्द आजही परत घ्यावेसे वाटतात.

मावशीनेच चादर उचलली. लांब बाजूंना पहिल्यासारखी सोडली, पायाकडची तेवढी वर दुमडून दोन पिना लावल्या. जाळी मोकळी, नंबर झाकलेला. इतकं सोपं होतं ते. मी खिडकीबाहेर नळी काढून भरलेला जास्तीचा गॅस थोडा थोडा सोडला, टेबलफॅन जाळीकडे वळवला, आणि काट्यावर नजर ठेवून बसलो. चार वाजता आठ, पाच वाजता पाच. कोणी पाणी दिलं, मी घेतलं नाही.

सव्वासहाला ताई आली. बाळाला मावशीकडे देऊन ती पेटीजवळ गुडघ्यांवर बसली. झाकण मीच उघडलं. तिने बाबांच्या गालावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवत राहिली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दाढी किती छान केलीय रे. कोणी केली?"

मी आईकडे बघितलं.

"मी केली," आई म्हणाली. "हा पेटी आणायला गेलेला तेव्हा. केवढी वाढलेली."

दिवसभरात मी त्या काचेवर पन्नास वेळा तरी वाकलो असेन, दर वेळी काटा बघायला. बाबांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला तेव्हा खाली स्मशानात न्यायची गाडी येऊन उभी होती.