टोचलेली वायर

पोकलेनच्या वायरिंगचं काम करणाऱ्यांना एक घाणेरडी सवय असते. सेन्सरपर्यंत करंट पोचतोय का बघायचं असेल, तर कनेक्टर सोडवून मीटरची पिन लावायची, ही खरी रीत. पण कनेक्टर बसलेला असतो इंजिनच्या मागे. हात जात नाही, गेला तर मनगट भाजतं. म्हणून मीटरची टोकदार पिन सरळ वायरच्या आवरणातून आत खुपसायची, आकडा बघायचा आणि मोकळं व्हायचं. मागे सुईएवढं भोक राहतं. त्यावर टेप मारायला अर्धं मिनिट लागतं. तेवढंही कोणी देत नाही. मीही देत नव्हतो.

जासईजवळ खाडीच्या कडेला भराव चालला होता. मशीनचे मालक विचुंब्याचे शेठ. त्यांच्या तिन्ही पोकलेनच्या वायरिंगचं काम माझ्याकडे होतं. त्यातल्या एकीवर इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाडाचा कोड आला म्हणून मी गेलो. ऑपरेटर जासईचाच, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. त्याच्या बापाचं मिठागर त्याच भरावाखाली गेलं होतं, आणि तो त्यावरच मशीन चालवत होता. मी वायर टोचली, आकडा बघितला, ढिला कनेक्टर दाबला. काम झालं.

तो वाकून बघत होता. म्हणाला, "साहेब, त्यावर टेप मारा. हितली हवा खारी हाय. उघडं तांबं चार दिसांत हिरवं होतं."

मी म्हणालो, "दादा, तुम्ही बकेट सांभाळा. वायर माझी मी बघतो."

बाजूचे डंपरवाले हसले. तोही हसला. मला बरं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन महिन्यांनी मशीन बंद पडायला लागली. सकाळी ठीक चालायची. दुपारी जेवून ऑपरेटर परत बसला की दहा-पंधरा मिनिटांत इंजिन खटकन बंद. अर्ध्या तासाने आपोआप चालू. शेठ दोन दिवस बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "काय रे, जेवलं की मशीनला पण झोप येते काय?" ते ऐकून माणसं इतकी खूश झाली की त्या दिवसापासून त्याला बघितलं की कोणीतरी घोरायचं.

मला बोलावलं. मी लॅपटॉप लावला. सेन्सरचा सिग्नल मध्येच तुटतोय, असं त्यात दिसत होतं. लॅपटॉप एवढंच सांगतो. का तुटतोय, ते माणसाने शोधायचं असतं. पण शेठ लोकांना लॅपटॉप म्हणजे देव आणि तो उघडणारा पुजारी.

मी वायरवरून बोटं फिरवत गेलो आणि बोट एका फुगीर जागेवर थांबलं. वाकवली तर आत कुरकुर. नखाने सोललं. तांब्याचा हिरवा भुगा झाला होता, दोन-तीन तंतू कसेबसे धरून होते. जागा मी ओळखली. जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद होतं, पंखा थांबतो, आतली ऊब कोंडते, आवरण सैल पडतं आणि मशीन परत चालू होऊन हादरे बसले की ते तंतू एकमेकांना सोडतात. झोप मशीनला नव्हती, त्याला तर नव्हतीच.

माझ्या मागे आठ-दहा माणसं उभी होती. ऑपरेटर मोठ्याने म्हणाला, "शेठ, यांनीच टोचलेली ती वायर. मी बोललो व्हतो, टेप मारा."

शेठनी विचारलं, "काय हो साहेब, टोचली होती?"

मी म्हणालो, "नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. पण मी कोणी न विचारता पुढे म्हणालो, "वायर ओढल्यासारखी दिसतेय." मग तो तुकडा कापून खिशात टाकला आणि नवी वायर जोडली.

का बोललो? नोकरी जाणार नव्हती. दुकान माझं स्वतःचं होतं, आजही आहे, पनवेलला स्टँडच्या मागे. शेठ फार तर दोन शिव्या घालून विसरले असते. मला फक्त त्या डंपरवाल्यांसमोर चूक कबूल करायची नव्हती. ज्यांच्यासमोर मी त्याला गप्प केलं होतं, त्यांच्यासमोर. बस. इतकं क्षुल्लक कारण होतं, आणि म्हणूनच ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

त्याला त्याच दुपारी मशीनवरून उतरवलं. दुसरा ऑपरेटर बसला आणि मशीन एकदाही बंद पडली नाही. पडणार कशी? सडका तुकडा माझ्या खिशात होता. शेठ म्हणाले, "बघितलंत? तो गेला, मशीन सुधारली." मी मान डोलावली. मुद्दाम वायर ओढणारा माणूस म्हणून त्याचं नाव पनवेलपासून उरणपर्यंत झालं. त्याला परत कोणी मशीन दिली नाही. जासईच्या एका कंटेनर यार्डात तो फाटकावर उभा राहायला लागला. तिथल्या कामाला माझी गाडी आली की तोंड दुसरीकडे करून आडवा बांबू वर करायचा.

गेल्या महिन्यात विचुंब्याला शेठच्या नव्या साइटवर गेलो होतो. ते एका ऑपरेटरला झापत होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणाले, "जास्त शहाणपणा केलास तर साहेब पकडतील. एकाला असाच पकडला होता, आता फाटक उघडतोय." सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. माझ्या हातात त्यांनी दिलेला चहा होता. मी तो प्यायलो. संताप स्वतःचाच आला होता, तरी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जासईला त्या यार्डाच्या फाटकावर गेलो. म्हटलं, "दादा, थोडं बोलायचं होतं."

"गाडी बाजूला घे. मागं ट्रेलर हाय." 'साहेब' गेलं होतं, 'तुमी' पण गेलं होतं.

मी सगळं सांगितलं. तो ट्रेलरचा नंबर वहीत उतरवत होता. शेवटी म्हणाला, "मला काय सांगतोस? मी व्हतोच की तिथं. शेठला सांगितलंस?"

"अजून नाही. आधी तुमची माफी..."

"माफी ठेव तुझ्याकडं." पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघितलं. "घरी पोरगी विचारायची, बाबा तुमी खरंच वायर ओढलीत काय. ती माफी कुठं लावू मी? जेवढ्यांसमोर 'नाय' बोललास, तेवढ्यांसमोर 'हो' बोल. मग ये."

दोन दिवसांनी सकाळी, मशीनना ग्रीस मारायच्या वेळी, मी विचुंब्याच्या साइटवर उभा राहिलो. जुन्यांपैकी बरेच जण अजून शेठकडेच होते. तो तुकडा मी फ्यूजच्या डबीत ठेवला होता. का ठेवला होता, माहीत नाही. तो काढून दाखवला आणि म्हणालो, "ही वायर मी टोचली होती. त्याने टेप मारायला सांगितलं होतं. शेठनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. शेठ म्हणाले, "अहो साहेब, कशाला जुनं काढता? झालं गेलं."

"तुमचं गेलं! त्याचं काय गेलं ते विचारा!" मी ओरडलो. गिऱ्हाइकावर आयुष्यात पहिल्यांदा.

"आवाज खाली. माझ्या मशीनना आता हात लावायचा नाही तुम्ही."

"नाही लावत."

जुना डंपरवाला, पूर्वी सगळ्यात मोठ्याने घोरणारा, म्हणाला, "शेठ, मग त्याला परत बोलवायचा काय?" शेठ गाडीत जाऊन बसले. अजून तरी त्यांनी बोलावलेलं नाही.

मी तसाच जासईला गेलो. त्याने पहिलं विचारलं, "कोण कोण व्हतं?"

मी एकेकाचं नाव सांगत गेलो. तो बोटांवर मोजत होता. सात बोटांवर थांबला.

"त्या दिवशी नऊ जण व्हते. एक गेला गावाला, त्याचा फोन नंबर देतो. एक उलव्याला मशीनवर हाय." मागून ट्रेलरने हॉर्न मारला. त्याने तिकडे बघितलंही नाही. "उलव्याला कधी जातोस?"

"आत्ता."

मला गाडी आत वळवून घेता यावी म्हणून त्याने बांबू वर केला, या वेळी माझ्याकडे बघत.