हत्ती आणि पितळ

बॅप्टिस्ट फुर्ट्याडो बोलायला लागला की समोरचा माणूस घाईत असला तरी थांबायचा. माणिकपूरला रामचंद्रशेठचं पंपांचं दुकान होतं. १९७४ साली शेठने त्याला तिथे ठेवून घेतलं ते या बोलण्यासाठीच. बॅप्टिस्ट तेव्हा पंचविशीत होता. यंत्राचं शिक्षण नव्हतं, आणि पंप आतून कसा असतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण बागायतदार दुकानात शिरला की बॅप्टिस्ट आधी त्याच्या वाडीची चौकशी करी, केळी कशी आहेत, पानवेल कशी आहे ते विचारी, आणि मग पंपावर हात ठेवून सुरुवात करी. गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जात नसे.

१९७६च्या दिवाळीनंतर भुईगावच्या डेल्फिन मच्याडो दुकानात आल्या. त्यांचा नवरा जहाजावर होता, वर्षातून एकदा घरी यायचा. केळी आणि मोगरा त्याच सांभाळायच्या. बाई कमी बोलणाऱ्या. बॅप्टिस्टने नेहमीप्रमाणे सुरू केलं, "बाय, हा पंप नाही, हत्ती आहे. अख्ख्या वसईत याच्या तोडीचा दुसरा नाही. एकदा बसवा आणि विसरून जा."

डेल्फिनबाय हसल्या. मग म्हणाल्या, "ते असू दे. माझी विहीर समुद्राकडची. उन्हाळ्यात पाणी खारट होतं. आधीच्या पंपाचा आतला पंखा बिडाचा होता, तो खाऱ्याने पार खाऊन टाकला. याचा पंखा कशाचा आहे?"

"पितळेचा."

"नक्की? मला पंपातलं काही कळत नाही. तू सांगशील त्यावर मी घेणार."

"नक्की पितळेचा, बाय. खारं पाणी त्याला काही करणार नाही."

"मग दे," त्या म्हणाल्या.

पंखा पितळेचा आहे हे बॅप्टिस्टला रामचंद्रशेठने सांगितलं होतं, आणि शेठला माल घेऊन येणाऱ्या एजंटाने. पंप उघडून कोणीच बघितला नव्हता.

पंप उन्हाळाभर चालला, पावसाळ्यात बंद राहिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओढेना. मिस्त्रीने तो वाडीतच खोलला. आत पिवळा रंग दिलेला बिडाचा पंखा होता, पाती झिजून वाकडी, सुपारीएवढी उरली होती. दुसरा पंप मिळेपर्यंत विहिरीकडची केळी वाळली. डेल्फिनबाय तो पंखा वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात घेऊन आल्या.

रामचंद्रशेठने तो हातातही घेतला नाही. "बिल बघा. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं छापलंय. पितळेचं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. याने सांगितलं." त्यांनी बॅप्टिस्टकडे बोट केलं.

"तो काय, सगळ्यांना सगळंच सांगतो," शेठ म्हणाले.

हे वाक्य बॅप्टिस्टला फार लागलं, असं त्याची बायको व्हेरोनिका पुढे सांगायची. तो दुकानातून घरी आला आणि जेवला नाही.

डेल्फिनबायनी वसईच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. प्रेमलता राऊत नावाच्या तरुण वकील बाईंनी त्यांचं काम घेतलं आणि बॅप्टिस्टला साक्षीला बोलावलं. साक्षीच्या आधी शेठने त्याला आतल्या खोलीत नेलं.

"खोटं बोल असं मी म्हणत नाही," शेठ म्हणाले. "एवढंच सांग की पंप चांगला आहे असं म्हणालो. बाकीचं आठवत नाही. इतक्या वर्षांत किती गिऱ्हाइकं केलीस तू, कुणाला काय बोललास हे कुणाच्या लक्षात राहतं?"

"बघतो," बॅप्टिस्ट म्हणाला.

कोर्टात त्याने सगळं सांगितलं, हत्तीपासून पितळेपर्यंत. शेठच्या वकिलांना बहुधा याची कल्पना होती, कारण त्यांनी ते नाकारलं नाही. त्यांनी दुसरा रस्ता धरला. विकणारा माणूस मालाची वाखाणणी करणारच, कायदाही ती मनावर घेत नाही, आणि शहाणं गिऱ्हाईक त्यावर विसंबत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तुम्ही पंपाला हत्ती म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सोंड होती का त्याला?"

कोर्टात हशा पिकला. बॅप्टिस्टचे कान लाल झाले.

"अख्ख्या वसईत याच्या तोडीचा पंप नाही म्हणालात. वसईतले सगळे पंप पाहिलेत?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही जे तोंडाला येईल ते बोलता. मग पितळेचं तेवढं बाईंनी खरं का धरावं?"

बॅप्टिस्ट म्हणाला, "हत्ती मी आपण होऊन म्हणालो, बाईंना हसवायला. त्या हसल्या पण. पितळेचं त्यांनी विचारलं. त्यांची विहीर खारी आहे म्हणून विचारलं. आणि नक्की का, असं परत विचारलं. मी नक्की म्हणालो."

"तुम्हाला तेव्हा ते खरं वाटत होतं?"

"वाटत होतं."

निकाल डेल्फिनबायच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की हत्ती, तोडीचा दुसरा नाही, ही नुसती तारीफ आहे. तिच्यावरून कुणी कोर्टात येऊ शकत नाही. पण पंखा कशाचा आहे ही तपासता येण्याजोगी गोष्ट आहे. बाईंनी आपली गरज सांगितली, आपल्याला यातलं कळत नाही हेही सांगितलं, आणि उत्तरावर विसंबून पंप घेतला. ते उत्तर कागदावर नसलं तरी विक्रीच्या कराराचा भाग झालं. नोकराने दुकानात उभं राहून दिलेला शब्द मालकालाही बांधतो. बॅप्टिस्टने फसवलं असं कोर्टाने म्हटलं नाही; त्याचा हेतू चांगला होता हे मान्य केलं, पण हेतू चांगला म्हणून बिडाचं पितळ होत नाही. माल परत न घेण्याच्या छापील ओळीनेही शेठची सुटका झाली नाही. पंपाची आणि वाळलेल्या केळीची भरपाई शेठला द्यावी लागली.

शेठने बॅप्टिस्टला काढलं नाही. गिऱ्हाइकांसमोर मात्र येऊ दिलं नाही. मागच्या गोदामात पाइप मोजायला बसवलं. तिथे बोलायला कोणी नव्हतं. काही महिन्यांनी त्याने स्वतःच नोकरी सोडली आणि वालीवला पंपांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागला. तिथे त्याने पहिल्यांदा पंप खोलला. पहिले काही दिवस तो नुसते पंखे हातात घेऊन नखाने रंग खरवडायचा, आणि बाकीचे कामगार त्याला हसायचे.

१९८३च्या सुमाराला स्टेशनजवळ इमारती उठू लागल्या. एका बिल्डरने त्याची ख्याती ऐकली होती, त्याने फ्लॅट विकायला बोलावलं. बॅप्टिस्टने आधी इमारत हिंडून पाहिली, पाण्याची टाकी पाहिली, आणि उन्हाळ्यात पाणी कुठून येणार ते विचारलं.

"चोवीस तास पाणी म्हणून सांगायचं," बिल्डर म्हणाला.

"हवा समुद्राची, शेजार देवमाणसांचा, हे मी सांगेन. पाण्याचं कोणी विचारलं तर टँकर येतो म्हणून सांगेन."

"अशाने कोण घेईल?"

"बघू."

काही गिऱ्हाइकं टँकर ऐकून उठून गेली. काहींनी तरीही घेतलं, कारण दादरहून आलेल्यांना तेवढ्या पैशात दुसरीकडे खोलीही मिळत नव्हती. इमारत हळूहळू विकली गेली. पुढच्या इमारतीला बिल्डरने दुसरा माणूस ठेवला. बॅप्टिस्ट वालीवला परत गेला, आणि परत जाताना त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

गावातल्या लग्नांत मात्र टोस्ट उचलायला लोक त्यालाच उभं करायचे. हातात वाइनचा ग्लास घेऊन तो म्हणायचा की अशी नवरी उत्तनपासून अर्नाळ्यापर्यंत झाली नाही, आणि या नवऱ्यापुढे ख्रिसमसचा तारा फिका. नवरा-नवरी लाजायची, मांडवातले म्हातारे माना डोलवायचे. मग बँड सुरू व्हायचा आणि बॅप्टिस्ट व्हेरोनिकाला घेऊन नाचायला उतरायचा.