डाव्या हाताचा चाकू

सुलेखा रविवारी नाशिकला जाणार होती, लेकीला घेऊन, नव्या संसाराला. म्हणून शुक्रवारीच बद्रीनाथ सकाळच्या एसटीनं फुलंब्रीहून शहरात, गुलमंडीच्या बाजारात आला, नातीला, श्रेयाला, चाकू घ्यायला. सुनेचं हे दुसरं लग्न त्यानंच जुळवलं होतं. अभयला, त्याच्या लेकाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. तरणी पोर किती दिवस अशी ठेवायची, असं तो चारचौघांत बोलला आणि बोलल्यासारखं वागला. बायकोला, साळूबाईला, चल म्हणाला तर ती म्हणाली, "मी तिथं भर बाजारात रडीन. तुमीच जा."

बद्रीनाथचा धंदा डोळे भरायचा. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा, फुटू पाहणारा कोंब, सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवायचा, वर पट्टी बांधायची. डोळा फुटला की जंबेरीच्या मुळांवर मोसंबी वाढते. चव्वेचाळीस वर्षं तो रोपवाटिकांमधून वाकून वाकून पुढं सरकला. पाठ आता सरळ होत नाही. त्यांच्या घरात अकरावं लागलं की पोराला स्वतःचा घडीचा चाकू मिळे. बद्रीनाथला बापानं घेतला, अभयला बद्रीनाथनं. श्रेयाला आता अकरावं लागलं होतं. चाकू असला तर पोरगी दिवाळीच्या सुट्टीत डोळे भरायला येईल, नसला तर म्हाताऱ्यांकडे कशाला येईल, एवढा सरळ हिशोब त्यानं मनाशी केला होता.

सुलेखा वाळूजच्या एका कंपनीत कामाला होती, राहायची शहरातच. मायलेकी चाकूच्या दुकानापाशी आधीच येऊन थांबल्या होत्या.

"या बद्रीभाऊ, चहा सांगू का?" दुकानदार रामकिसन म्हणाला.

"चहा मागून. आधी चाकू."

"एवढी काय घाई? नात काय आजच मळा लावती का?"

त्यानं खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली. "लई हिंडवलं तुमी. डाव्या हाताचा कुनी ठेवतच नाय. शेवटी पातं उलट्या अंगानं घासून घेतलं."

डोळे भरायच्या चाकूला धार एकाच अंगानं असते. उजव्या हाताचा वेगळा, डाव्या हाताचा वेगळा. हात चुकला की पातं सालीवरून सरकत नाही, लाकडात घुसतं.

रामकिसननं कडुलिंबाची एक काडी पुढं केली. श्रेयानं चाकू उघडला, काडीला लावला. पातं आत रुतलं. पुन्हा लावलं, काडीचे दोन तुकडे झाले.

"मला नाही जमत, आबा."

"जमतं. आंगठा खाली घे. घाबरू नको."

तिसऱ्यांदाही तेच. रामकिसन पुढं वाकला. "बद्रीभाऊ, पोरगी तर उजवी हाय."

"नाय, डावी हाय."

"अहो, डोळ्यानं दिसतंय की."

"घरचा मानूस मी का तू?"

"आबा," श्रेया हळूच म्हणाली, "मी उजव्याच हातानं लिहिते. पहिल्यापासून."

बद्रीनाथनं सुनेकडं पाहिलं. सुलेखा रस्त्याकडं तोंड करून उभी होती. "मामंजी," ती तशीच म्हणाली, "डावखुरे ते होते."

दुकानात एक गिऱ्हाईक अडकित्त्याचा भाव विचारत होतं. रामकिसननं त्याला हातानंच थांबवलं.

"बाबा डावखुरे होते?" श्रेयानं विचारलं. "आई, तू कधी सांगितलं नाहीस."

"काय काय सांगू, बाळा."

"मग मला हाच पाहिजे. मी डाव्या हातानं शिकते."

बद्रीनाथच्या मनात आलं, शिकू दे. घेऊ दे. पण अभयचं डोळे भरायचं पहिलं वर्ष त्याला आठवलं. पोराला उजवं करायचं म्हणून त्यानं त्याचा डावा हात पंच्यानं कमरेला बांधून ठेवला होता. महिनाभर. पोरगं उजव्या हातानं डोळे भरत गेलं आणि एकूण एक डोळा वाळला. रांगेच्या रांग काळी पडली. पंचा सोडला तेव्हा मनगटावर वळ होता.

"नाय," तो म्हणाला. "रामकिसन, उजवा दाखव."

रामकिसननं तीन मांडले. बद्रीनाथनं प्रत्येकाचा खटका ऐकला. एकाची मूठ नातीच्या हाताला मोठी होती, एकाचं पातं हलत होतं. तिसरा त्यानं पसंत केला. चाकू हातात देत नाहीत, म्हणून फळीवर ठेवला. श्रेयानं उचलला, नवी काडी घेतली. साल कागदासारखी सुटून आली, मधोमध डोळा घेऊन.

"आलं की," रामकिसन म्हणाला. "हात हाय पोरीचा."

"आबा, बाबा कसे भरायचे?"

"तो वाफ्याच्या त्या टोकापासून यायचा, मी या टोकापासून. डावा-उजवा म्हनून तसंच सोयीचं पडायचं. मधात गाठ पडली की पानी प्यायचो."

"आणि मी?"

"तू उजवी. तू माझ्या मागून यायचं."

त्यानं हे सांगितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आता समोरून कुणी येणार नाही.

"दिवाळीला येऊ?" श्रेयानं आईला विचारलं.

सुलेखानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिकडच्या घरी काय रीत असते ते बघून सांगते."

"व्हय, बघून," बद्रीनाथ घाईनं म्हणाला. "आधी तिकडचं बघायचं. आमचं काय."

श्रेया चाकू उघडत होती, मिटत होती. रामकिसननं डावा चाकू पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला.

"राहू दे," बद्रीनाथ म्हणाला. "दे इकडं."

"तुमाला काय कामाचा?"

"कामाचा नाय," बद्रीनाथ म्हणाला, आणि चाकू सदऱ्याच्या खिशात घालून बटण लावू लागला. ते त्याला लवकर लागेना.