नर पतंगाचं पोट

पतंगाची ओळख पंखांवरून पटते असं ज्यांना वाटतं, त्यांनी सुखात राहावं. मी ज्या गटावर पीएचडी करतेय, त्यातले सगळे पतंग वाळक्या पानासारखे दिसतात आणि वाळक्या पानासारखेच दिवसभर पडून असतात. जुन्या लोकांनी मागच्या पंखाच्या शिरा बघून त्यांना एका कुळात टाकलं, नंतरच्यांनी उचलून दुसऱ्या कुळात नेलं, आणि त्याच्याही नंतरच्यांनी दोघांना वेड्यात काढलं. या प्राण्याला धड तोंड नाही, त्यामुळे पंख फुटल्यावर तो काही खात नाही. कान आहेत, पण ते पोटाच्या बुडाशी. आणि एक जात दुसरीहून वेगळी आहे का, हे ठरतं नराच्या जननेंद्रियावरून, तेही पोटाच्याच टोकाला. थोडक्यात, डोकं शाबूत असून उपयोग नाही. पोट गेलं की सगळं गेलं.

हे पतंग चाकणच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला लागणाऱ्या एका रानात सापडतात. म्हणजे क्वचित सापडतात. वनखात्याची परवानगी काढायची, कांद्याच्या ट्रकांमागून रांगत जायचं, रानात पांढरा पडदा आणि दिवा लावून बसायचं, आणि पडद्यावर जगातला दुसरा प्रत्येक किडा येऊन बसलेला बघायचा, असं माझं कैक वर्षं चाललं होतं. आल्याच तर माद्या यायच्या. आमच्या गटात माद्यांवरून काहीच ठरत नाही. मला मात्र पक्का संशय होता की ही जात अजून कुणी नोंदवलेली नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, नर आण, पोट उघडून दाखव, मग बोलू.

गेल्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता नर आला. पुढचा पंख मागच्या पंखात अडकवायला एक राठ केस असतो. नराला एकच, मादीला झुबका. मी भिंगातून बघितलं, एकच केस होता. त्या रात्री परत येताना मी गाडीत मोठ्याने गाणी म्हटली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सांगवीतल्या आमच्या घरात प्रयोगशाळा म्हणजे जेवणाचं टेबल. नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे, सासूबाई लातूरकडच्या. मी कॉलेजात शिकवते ती नोकरी आणि टेबलावर चालतं ते खूळ, अशी त्यांची सरळ विभागणी. भांडण नव्हतं, फक्त त्या टेबल पुसताना माझ्या डब्यांना वळसा घालून पुसायच्या. एकदा मी परीक्षानळीत दुसऱ्याच एका पतंगाचं पोट पोटॅशच्या पाण्यात उकळत होते. तसं उकळलं की मांस विरघळतं आणि आतला कठीण भाग बघायला मिळतो. काय उकळायलीस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पोट. त्या म्हणाल्या, दुखत होतं का त्याचं? पुढे मी काही सांगितलं नाही. सासूशी कुठल्या इंद्रियाबद्दल बोलावं याला मर्यादा असतात.

नर थर्माकोलच्या पाटीवर होता. मधल्या खाचेत अंग, दोन्हीकडे कागदी पट्ट्यांखाली पंख. वाळला की पोट काढायचं आणि उकळायचं, असा बेत. मध्ये खंडेनवमी आली.

या दिवशी आमच्या पट्ट्यात एकही यंत्र हार घातल्याशिवाय राहत नाही. नवऱ्याच्या कंपनीत मशिनी धुऊन त्यांना झेंडू बांधतात, पेढे वाटतात आणि माणसं लवकर घरी येतात. घरी सासूबाई पाट मांडतात. त्यावर नवऱ्याचं मापं घ्यायचं व्हर्निअर, विळी, कात्री, स्कूटरची किल्ली. त्या वर्षी मी कॉलेजातून आले तर पाटावर माझा मायक्रोस्कोपही होता, कुंकू लावलेला. त्याच्या शेजारी झेंडूचा ढीग. त्यांनी आपण होऊन मांडलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी पाटाला वाकून नमस्कार केला. पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून लावला नाही.

दसऱ्याला सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले, तेव्हा सासूबाई फुलं उचलून घाटावर निर्माल्य टाकायला गेल्या होत्या. त्या ढिगाखालून निघाली ती माझी थर्माकोलची पाटी. पंख जागच्या जागी. छातीवर हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, दोन अक्षता. छातीच्या मागे काही नाही. ओली हळद झेंडूला चिकटली होती आणि झेंडू उचलताना पोट त्याच्याबरोबर गेलं होतं.

मी किंचाळले. नवरा धावत आला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, पुढचा भाग तर ओके आहे ना? दिवसभर मालात खोट काढणारा हा माणूस. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग खाली बसून रडले.

तेवढ्यात सासूबाई रिकामी पिशवी घेऊन आल्या. नवऱ्याने त्यांना सांगितलं. त्यांनी चप्पल काढलीच नव्हती. चल म्हणाल्या.

घाटावरचं निर्माल्य कुंड दसऱ्याच्या सकाळी कसं असतं, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. अख्ख्या सांगवीची नवरात्राची फुलं तिथे होती. आम्ही उकिडव्या बसलो आणि वरचा थर फरशीवर ओढला. कसं दिसतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तांदळाच्या कणीएवढं, तपकिरी. एवढं काय असतंय त्यात, हेही विचारलं. मग मर्यादा बाजूला ठेवून मी सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला, नराचं व्हय, एवढी खात्री करून घेतली आणि पुढची फुलं ओढली.

कुंडापाशी झाडणाऱ्या काकांनी काय हरवलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, सोन्याचा मणी. काकांनी झाडू टाकला. फुलं टाकायला आलेल्या दोघी बायका बसल्या, त्यांच्या ओळखीची तिसरी आली, एक गृहस्थ स्कूटर चालूच ठेवून वाकले. एकीने वाटे पाडून दिले. एक जोडवं सापडलं, रिमोटचे सेल सापडले, नारळ तर विचारूच नका. इतका शिस्तीत शोध मी रानातही कधी घेतला नव्हता.

सांगून टाकते, पोट मिळालं नाही.

ऊन चढलं तसे काका कंटाळले. किती ग्रॅमचा होता मणी, त्यांनी मला विचारलं. मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई हळदीचे हात गुडघ्यांवर टेकत उभ्या राहिल्या.

"सोनं न्हवतं," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेचं काम होतं. माझ्या हातानं गेलं."

काकांनी झाडू उचलला. बायकांनी नळावर हात धुतले, त्यातली एक जरा पुटपुटली. स्कूटर गेली. रानातला पुढचा नर कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नव्हतं. तो आजवर आलेला नाही. सर म्हणतात, नराशिवाय या जातीला नाव देता येणार नाही. बरोबरच म्हणतात.

सासूबाई परत खाली बसल्या होत्या. बाकीच्यांनी बघून टाकलेले वाटे त्यांनी आपल्याकडे ओढले आणि पहिल्यापासून एकेक फूल उलटायला घेतलं. मी म्हटलं, आई, आता मिळालं तरी ते त्याच नराचं आहे असं कुणी मानणार नाही, चला घरी. त्यांनी मान वर केली नाही. बाजूला सरक म्हणाल्या, मी उजेड अडवत होते.