सरकारमान्य आजारी

सुरत शहरात सरकारी शिक्का मारून घेतलेला आजारी माणूस म्हणून आमच्या थोरल्या साडूंइतका धडधाकट इसम दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गुजरातेत दारूबंदी. तिथे राहणाऱ्याला राजरोस पेला उचलायचा असेल तर आधी आजारी पडावं लागतं. झोप येत नाही, छाती धडधडते, असं काहीतरी सरकारी डॉक्टरांपुढे सिद्ध करायचं, मग नशाबंदी खातं तुमच्या नावाचं परमिट काढतं आणि महिन्याच्या ठरलेल्या बाटल्या औषध म्हणून पदरात पडतात. साडूंकडे असं परमिट होतं. त्यावरच्या फोटोत त्यांचे दोन्ही गाल मावले नव्हते, डावा कान तर कागदाबाहेरच राहिला होता, आणि खाली आजार लिहिला होता निद्रानाश. हा निद्रानाश झालेला गृहस्थ दुपारी मिलमध्ये बॉयलरशेजारी उभ्या उभ्या झोपायचा. एकदा बॉयलरमधून वाफ गळतेय असं समजून मिस्त्री पाने-पकडी घेऊन धावत आला, तेव्हा कळलं की साडू घोरताहेत.

कायद्याप्रमाणे एका परमिटवर एकानेच आजारी असायचं असतं. आम्ही मात्र साडूंच्या आजारात भागीदार होतो. एक मी, बँकेतला कारकून. दुसरे कतारगामचे लूमवाले शेठ, पक्के सुरती, ज्यांच्या तोंडात शिवी ही स्वल्पविरामाच्या जागी यायची. तिसरे शाळेतून निवृत्त झालेले आमच्या धुळ्याकडचे गुरुजी, जे आयुष्यभर व्यसनमुक्तीवर निबंध लिहवून घेत आले होते आणि म्हणून गच्चीचं दार लागल्याशिवाय बसायचे नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी सहाला साडूंच्या उधन्याच्या घराच्या गच्चीवर आमचं औषधपाणी सुरू व्हायचं आणि आठाच्या आत संपायचं, कारण आठाला आक्का, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, भाकऱ्या थापायला बसायच्या आणि त्यांच्या भाकरीला उशीर केलेला माणूस दुसऱ्यांदा त्या घरात जेवला नाही. आठवड्यातले ते दोन तास सोडले, तर परक्या गावात माझं आपलं असं काही नव्हतं. बाकीचा आठवडा मी बँकेत उभा असायचो किंवा घरी निजलेला असायचो.

साडू होते एका प्रोसेस मिलमध्ये डाइंग मास्तर. अंमळनेरहून आले तेव्हा बादल्या उचलायचे, पुढे डोळ्याच्या जोरावर मास्तर झाले. रंग ओळखणारा असा डोळा पांडेसऱ्याच्या साऱ्या मिलवस्तीत नव्हता, असं पांडेसऱ्यात फक्त साडूच म्हणायचे, पण रोज म्हणायचे. जगाकडे बघण्याची त्यांची रीतच ती. आक्कांचा राग ते शेडनंबरवर सांगत, लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या फेट्याकडे बघून त्यांनी भर मांडवात जाहीर केलं होतं की हा माल दोन धुण्यांत उतरणार. (तो उतरला. व्याह्यांच्या कपाळावर. ते आजही बोलत नाहीत.) आणि ग्लासातली दारू उजेडाला धरून पाणी किती पडलंय हे ते थेंबापर्यंत सांगत.

अशा माणसाला देवाने एका सोमवारी गाठलं. लग्नसराईच्या साड्यांचा मोठा लॉट होता. साडूंनी नमुना पाहिला, राणी रंगाचा म्हणून पास केला आणि अख्खा लॉट निघाला डाळिंबी. चारशे नवऱ्या चुकीच्या रंगात बोहल्यावर चढल्या असत्या. साडूंनी एक साडी उन्हात नेली, सावलीत नेली, पुन्हा उन्हात नेली आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडले. मिलमालक काही बोलला नाही, हे त्यांना फार लागलं. त्या शनिवारी गच्चीवर ते म्हणाले, "साडूभाऊ, शनिवारचं रविवारी उतरत नाही आता. सोमवारी डोळ्यांवर साय धरते. डोळा गेला तर मला मिलच्या फाटकाशी पण कोणी उभं करणार नाही."

"म्हणजे बंद?" गुरुजींनी ग्लास खाली ठेवून विचारलं.

"बंद नाही. कमी."

मी स्पष्ट सांगतो की आम्ही हसलो. माणूस बंद करतो तेव्हा त्याला एकदाच सोसावं लागतं, कमी करतो तेव्हा शेजारच्यांना रोज सोसावं लागतं. पुढच्या शनिवारी साडू मिलच्या प्रयोगशाळेतली काचेची मोजनळी घेऊन आले. रंग मोजावा तशी डोळ्यासमोर धरून त्यांनी स्वतःची दारू मोजली, त्यात पाणी घातलं आणि म्हणाले, "आज दोन टक्के शेड." त्याच्या पुढच्या शनिवारी दीड टक्का. दिवाळीपर्यंत मजल अशी गेली, की बाटलीचं बूच नुसतं पाण्याच्या जगवरून फिरवून ते दोन तास झिंगल्याचा आव आणून बसत. आणि बसत ते बसत, आमचे ग्लास बघून मान हलवत. शेठ एकदा वैतागून म्हणाले, "मास्तर, पीवुं नथी तो पीओ नहीं, पण आमारी सामे विधवासारखं तोंड करून बेसो नहीं."

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण दारू कमी झाली तशी साडूंच्या अंगात तब्येत शिरली. पहाटे पाचला हा माणूस पळायला निघाला. त्यांचं पळणं असं, की पहिल्या दिवशी सोसायटीतल्या लोकांना वाटलं गॅसची टाकी फुटली, आणि चार बिऱ्हाडं मुलाबाळांसकट त्यांच्यामागून रस्त्यावर आली. गच्चीवर सूर्यनमस्कार सुरू झाले, ते शेजारणीने वाळत घातलेल्या नागलीच्या पापडांमध्ये. सातव्या नमस्काराला साडू खाली गेले ते वर येईनात, आक्कांनी जाऊन पाहिलं तर पोटाला अकरा पापड चिकटलेले. रविवारी सगळं सुरत लोच्याच्या गाडीवर उभं असतं. वाफाळलेला, वर तेल आणि शेव पडलेला डाळीचा लोचो. साडूही जायचे. खायचे नाहीत. गाडीपासून पाच फुटांवर उभे राहून दीर्घ श्वसन करायचे. गाडीवाल्याने तिसऱ्या रविवारी हात जोडले, म्हणाला, काका, गिऱ्हाईक घाबरतंय. वजन करायला त्यांना घरातला काटा पुरेना, म्हणून मिलमध्ये कापडाच्या गाठी तोलतात त्या काट्यावर ते रोज उभे राहू लागले, आणि तिथल्या हमालाने सवयीने दोनदा त्यांच्या पाठीवर खडूने आकडा लिहिला. तसेच घरी आले. आक्का मला दारातच गाठून म्हणाल्या, "तुम्हना साडू येडा व्हई गयात, भाऊ. पियेत तवयबी बरा व्हतात, येळवर जेवेत तरी." पीत होते तेव्हाही बरे होते, असं ज्या माणसाची बायको म्हणते, त्याच्या व्यायामाची किंमत वाचकांनी करावी.

आणि खेदाची गोष्ट म्हणजे त्याला गुण आला. पोट गेलं. फोटोबाहेर राहिलेला कान आता फोटोत मावला असता. सोमवारी मिलमध्ये डोळा असा चालू लागला, की एका व्यापाऱ्याने मुद्दाम अर्ध्या शेडचा फरक ठेवून दिलेले दोन तुकडे साडूंनी दुरूनच बाजूला फेकले. आम्हाला मात्र त्यांचं अभिनंदन करवेना, कारण परमिटाची मुदत संपत आली होती. नवं करायचं तर पुन्हा डॉक्टरांपुढे उभं राहून आजारी दिसायला हवं. साडू पीत नव्हते तरी परमिट जिवंत होतं, तोवर गच्ची होती. परमिट गेलं की शेठ दारू खुली असलेल्या दमणला जातील, गुरुजी घरात बसतील, आणि माझा शनिवार बाकीच्या वारांसारखा होऊन जाईल. मला ते नको होतं. त्यासाठी मी खोटं बोलायला, बोलवायला आणि शिकवायला तयार होतो.

शेवटच्या शनिवारी आम्ही त्यांची शिकवणी घेतली.

"एटलुंज बोलजो, मास्तर," शेठ म्हणाले, "उंघ नथी आवती. बस. बाकी तोंड बंद."

"आणि खांदे पाडा," गुरुजी म्हणाले. "तुम्ही बसता असे, की बक्षीस घ्यायला आलाय."

"पण झोप तर येते," साडू म्हणाले.

"ती आम्हाला माहीत आहे. डॉक्टरला कशाला सांगताय?"

"माझ्यासाठी नको मला ते परमिट."

"आमच्यासाठी म्हणा," मी म्हणालो. "साडूभाऊ, तुमच्यामुळे चार माणसं आठवड्यातून एकदा तोंडं बघतात एकमेकांची." साडूंनी माझ्याकडे बघितलं, खांदे पाडले आणि खोकून दाखवलं. खोकला निद्रानाशात येत नाही, पण भावना पाहून आम्ही चालवून घेतलं.

सरकारी दवाखान्यात नातेवाईक म्हणून मी बरोबर आत गेलो. डॉक्टर गुजरातीत बोलत होते, साडू मराठीत, आणि दोघांचं एकमेकांना कळत होतं. ही सुरतेची जुनी सोय आहे. इथे मी दोघांचं मराठीतच देतो. सुरुवात उत्तम झाली. साडू पाय ओढत आले, खुर्चीत सांडल्यासारखे बसले. डॉक्टरांनी रक्तदाबाची पट्टी बांधली, पारा पाहिला, पुन्हा पाहिला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पंचविशीतल्या पोराचा असतो असा."

बस. तिथे घात झाला. गेलं अख्खं वर्ष त्या माणसाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. बायको येडा म्हणत होती, आम्ही हसत होतो, हमाल पाठीवर आकडे लिहीत होता. साडूंचे पाडलेले खांदे मी वर येताना पाहिले.

"नाडी पण बघा ना," साडू म्हणाले.

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"झोप कशी लागते?" डॉक्टरांनी विचारलं.

"साडेनऊला पडतो. पाचला उठतो. मध्ये कूस बदलत नाही."

"हे गोळी घेतल्यावर, साहेब," मी म्हणालो.

"गोळी कसली? हे कोण मध्ये बोलतायत?" असं साडू मला म्हणाले. मला. आणि उठून, शर्ट खोचून, त्यांनी डॉक्टरांना ओणवं होऊन तळहात जमिनीला टेकवून दाखवले. मग म्हणाले, जागा असती तर आणखी दाखवलं असतं. डॉक्टरांनी टेबल सरकवलं. त्यांनाही दिवसभर आजारी दिसणारी माणसं बघून कंटाळा आला असणार. पुढची दहा मिनिटं सरकारच्या एका कचेरीत काय चाललं होतं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की बाहेरच्या बाकावर खोकत बसलेले सात परमिटवाले दारातून बघत होते आणि त्यांतले दोघे तपासून न घेताच घरी निघून गेले. शेवटी डॉक्टरांनी अर्जावर लिहिलं की अर्जदारास कोणताही आजार नाही, सही केली आणि साडूंचा हात हातात घेऊन हलवला. मी पाहिलं, साडूंचे डोळे भरून आले होते.

शेठ आणि गुरुजी फाटकापाशी उभे होते. साडूंनी कागद त्यांच्यापुढे धरला. गुरुजींनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि शिक्षकाच्या सवयीने म्हणाले, "नापास." शेठ जे बोलले ते छापण्यासारखं नाही, पण साडूंनी ते कौतुक समजून घेतलं.

पुढच्या शनिवारी सहाला आम्ही गेलो. साडूंनी गूळ, सुंठ आणि मिऱ्याचा काढा केला होता, गाळून गाळून त्याची शेड तंतोतंत व्हिस्कीवर आणली होती, आणि चार ग्लास भरून ते आमच्या तोंडाकडे बघत बसले होते. शेठ दोन शनिवार टिकले. गुरुजी काढा आवडला म्हणाले आणि परत आले नाहीत. पुढे मुलाकडे धुळ्याला गेले. तिसऱ्या शनिवारी गच्चीवर आम्ही दोघेच. मी मनातून एवढा चिडलेला होतो की ग्लासाला हात लावला नाही. साडू म्हणाले, "चला, नुसतं काय बसायचं, कालव्यापर्यंत जाऊन येऊ." दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून गेलो, आणि मग चार वर्षं जातच राहिलो.

त्या चालण्यातही त्यांनी मला कमी छळलं नाही. कालव्याच्या रस्त्याने ते पुढे, मी पन्नास पावलं मागे, आणि त्यांचं शरीरशास्त्रावरचं भाषण मागे वळून न बघता चालू. मला धाप लागायची, ती लपवायला मी खोकायचो. खोकलो की साडू पुढे थांबायचे. खाली वाकायचे आणि बुटाची नाडी बांधू लागायचे, मी जवळ येऊन माझा श्वास जागेवर येईपर्यंत बांधत राहायचे. मग उठून म्हणायचे, "ही नाडी एकसारखी सुटते," आणि पुन्हा पुढे.

मिल बंद झाल्यावर साडू अंमळनेरला गेले. तिकडूनही पत्रात मला डाव्या कुशीवर निजायचे फायदे कळवत असतात. शनिवारी सहाला मी अजून कालव्यावर जातो, एकटा, आणि मध्ये पुलाच्या कठड्यावर बसून घेतो. साडूंचे ते बूट कापडी होते, नुसते पाय सरकवायचे. त्यांना नाडी नव्हती. मला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चार वर्षांत मी एकदाही बोललो नाही. बोललो असतो, तर त्यांना थांबता आलं नसतं.