मारुतीदादांनी मागे नेलेली खुंटी

मारुतीदादा ओव्हाळ कुठलंही अंतर गोल्फच्या स्टिकांमध्ये सांगायचे. भुकूमच्या एसटी थांब्यापासून तुमचं घर किती लांब, असं विचारलं तर ते क्षणभर डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "दोन डायवर आन् एक सात नंबर." म्हणजे सगळ्यांत लांब जाणाऱ्या स्टिकने दोन फटके आणि मग सात नंबरच्या स्टिकने एक. एकदा त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी विहीर किती दूर आहे असं विचारलं, तर दादा म्हणाले, "हितंच. वाऱ्याकडं तोंड आसंल तर पाच नंबर, न्हाईतर सहा." पाहुण्यांना वाटलं, मुलीच्या चुलत्याचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय. लग्न जमलं, पण त्याचं श्रेय दादांना कुणी दिलं नाही.

मी पुण्यातल्या एका गोल्फ क्लबच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो, तेव्हा सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि गोल्फचा चेंडू त्याआधी कधी पाहिलाही नव्हता. पहिल्याच सकाळी खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. उंची जेमतेम पाच फूट, अंग काटकुळं, चपला हातात आणि पाय दवाने ओले. हे मारुतीदादा रोज उजाडताना अनवाणी सगळं मैदान फिरून यायचे, हे मला नंतर कळलं. गवत किती ओलं, माती किती घट्ट हे तळपायाला जितकं कळतं तितकं डोळ्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"कुटलं गाव, भाऊसाहेब?"

"पौड."

"मंजी मुळशीतलंच की!" ते एवढ्या आनंदाने म्हणाले, की मी त्यांचा कुणी हरवलेला नातेवाईक आहे असं शेजारच्या टायपिस्टला वाटलं. "मी भुकूमचा. बसा निवांत. काय अडलं तर मला हाक मारा."

आणि मला खरोखरच पदोपदी अडत होतं. खेळ त्यांनीच मला समजावला. चेंडू मारत मारत दूरच्या भोकापर्यंत न्यायचा आणि आत घालायचा. अशी अठरा भोकं, म्हणजे अठरा होल. भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत म्हणजे ग्रीन. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. "बास, येवढंच हाय," ते म्हणाले, "आन् येवढं शिकाया जल्म पुरत न्हाई."

दादा लहानपणी साहेबलोकांच्या पिशव्या वाहायला त्या मैदानावर आले होते. कुणीतरी मोडकी स्टिक फेकून दिली, ती दादांनी आपल्या उंचीला कापून घेतली आणि दुपारी मैदान रिकामं असताना मारून मारून खेळ शिकून घेतला. मी लागलो तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले व्यावसायिक खेळाडू होते. सभासदांना शिकवायचे आणि वर्षातून चार-पाच वेळा कलकत्ता, दिल्ली, बंगलोर असे स्पर्धांना जायचे. कलकत्त्याला एकदा दुसरे आले होते, आमच्या मैदानावरची स्पर्धा तर त्यांनी तीनदा जिंकली होती. तरीही सभासद त्यांना "ए मारुती" म्हणायचे, आणि व्यावसायिक खेळाडूंनी कपडे बदलायचे ते गवत कापायच्या यंत्रांच्या शेडमध्ये, क्लबच्या इमारतीत नाही. दादा शेडमध्ये शर्टाला कडक इस्त्री करूनच बाहेर यायचे.

त्यांचा फटका लांब जात नसे. पण जिथे जायला हवा तिथेच जाई. "लांब ग्येलेलं समद्यांस्नी दिसतं," ते म्हणायचे, "नीट ग्येलेलं निस्तं खेळणाऱ्याला दिसतं." आणि चेंडू ग्रीनच्या जवळ पोचला की मग दादांचं राज्य. वाळूच्या खड्ड्यातून, झाडाच्या मुळातून, कुठूनही ते चेंडू असा उचलायचे की तो ग्रीनवर उतरून अंग चोरून बसायचा.

सत्तरचं दशक सरत आलं तसे मात्र नवे खेळाडू दिसू लागले. उंच, रुंद खांद्यांचे, सकाळी मैदानावर येऊन जोर काढणारे. त्यांच्या स्टिका परदेशातून आलेल्या, पुढे तर लाकडी डोक्याच्या जागी धातूचं डोकं असलेल्याही आल्या. सभासद परदेशी मासिकं आणून दाखवायचे, त्यातही असेच आडदांड गडी. ज्या चिंचांच्या झाडांना वळसा घालून दादा दोन फटक्यांत जायचे, त्या झाडांवरून ही माणसं एका फटक्यात चेंडू नेऊ लागली. बघणाऱ्यांचे डोळे दिपायचे. एका स्पर्धेत अशाच एका गड्याने प्रचंड फटका मारला. सभासद टाळ्या वाजवत म्हणाले, "मारुती, तुझा जमाना गेला रे!"

"जमाना जाऊ द्या सायब," दादा शांतपणे म्हणाले, "चेंडू कुटं ग्येला त्ये बगा."

चेंडू नाल्यात गेला होता. त्या दिवशी दादाच जिंकले. पण संध्याकाळी सायकलला पिशवी बांधताना ते मला म्हणाले, "आज नाल्यात ग्येला भाऊसाहेब. उद्या न्हाई जायाचा."

त्याच सुमारास मैदानावर रोलर ओढायला बबन आला. मुळशीतल्याच माण गावचा, चांगल्या बागायतदार मराठा घरातला, सव्वासहा फुटी पैलवान. पंचविशीतच गुडघा कायमचा दुखावला होता. डॉक्टरांनी कुस्ती बंद केली आणि घरी बसवेना म्हणून तो कामाला लागला होता. एका दुपारी पिशव्या वाहणाऱ्या कॅडींनी त्याला चिडवलं, "पैलवान, येवढासा चेंडू उडतोय का बगा!" बबनने दादांची स्टिक उचलली, लाकूड फोडावं तशी फिरवली. आवाज असा झाला की मी ऑफिसातून बाहेर आलो. चेंडू चिंचांवरून गेला, नाल्यावरून गेला आणि दिसेनासा झाला.

सगळे हसत होते, ओरडत होते. दादा मात्र चालू लागले. एक एक पाऊल मोजत चेंडू पडला तिथवर गेले, तसेच परत आले आणि बबनला म्हणाले, "तीनशे धा पावलं. उद्या सकाळी सहाला ये."

मला राहवलं नाही. "दादा, स्वतःच्या हाताने प्रतिस्पर्धी तयार करताय?"

"त्यो येनारच हाय भाऊसाहेब," ते म्हणाले. "हा न्हाईतर दुसरा. आता ताकदवाल्यांचा खेळ व्हनार ह्यो. मंग त्यो आपल्या मुळशीतला का नको?"

पहिले सहा महिने त्यांनी बबनला लांबची स्टिक हातात घेऊ दिली नाही. रोज ग्रीनच्या काठावर, छोटी स्टिक, वीस पावलांचा फटका. बबन कावला. "वस्ताद, ह्ये बायामान्सांचं काम झालं!"

"आवणातलं भाताचं रोप उपटाया बायाच लागत्यात न्हवं? तुज्यासारख्यानं वढलं तर मुळं तुटत्यात," दादा म्हणाले. "रोप धरतोस तशी स्टिक धर. ताकद तुज्या घरची हाय, ती कुटं पळून जात न्हाई. आधी हात हलका कर."

भातशेती केलेल्या पोराला हे लगेच कळलं. हात हळूहळू हलका होत गेला.

मग एके दिवशी बबनचे वडील, तात्या, क्लबच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. धोतर, कोट, हातात काठी. मी आणि दादा फाटकापासून दहा पावलांवर होतो, तरी बबनशी बोलताना तात्यांनी आवाज कमी केला नाही. "गावात लोक इचारत्यात मला, पोरगं कुणाच्या पाया पडतंय म्हून. आख्ख्या मुलखात दुसरा वस्ताद मिळंना व्हय रं तुला?" 'दुसरा' या शब्दाचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होता. बबन मान खाली घालून उभा राहिला. तात्या निघून गेले.

मला वाटलं, दादा आता याला हाकलतील. हाकलायला हवं होतं, असंही वाटलं. दादा थोडा वेळ स्टिक पुसत राहिले. मग बबनला म्हणाले, "वस्ताद बदलायचा आसंल तर बदल. माजी ना न्हाई. पर यायचं आसंल तर उद्या येळंवर ये. ग्रीन वलं हाय तवर सराव बरा व्हतो."

दुसऱ्या दिवशी बबन पावणेसहालाच हजर होता.

तीन-चार वर्षांत तो व्यावसायिक स्पर्धांतून खेळू लागला. आणि तेव्हा आमच्या क्लबच्या सेक्रेटरींनी दादांना बोलावलं. नवे खेळाडू इतके लांब मारतात की शेवटचा होल आता पोरखेळ झालाय, पहिला फटका मारायची जागा मागे न्यावी लागेल, कुठवर नेऊ, असं ते विचारत होते. आज जगभर हेच चाललं आहे. खेळाडूंची ताकद वाढते आणि मैदानं मागे सरकत जातात. मी टीव्हीवर बघतो. पण त्या दिवशी ते माझ्यासमोर पहिल्यांदा घडत होतं.

दादा जुन्या जागेवर उभे राहिले आणि ग्रीनकडे पाठ करून चालू लागले. दहा, वीस, तीस. तीसवर थांबले असते तर त्यांना स्वतःला तो होल अजून जमला असता. दुसऱ्या फटक्याला त्यांचा चेंडू कसाबसा ग्रीनवर पोचला असता. दादा चाळीस पावलं गेले. तिथे खुंटी ठोकली आणि हात झटकले.

"दादा," मी म्हणालो, "ही खुंटी तुम्ही स्वतःला बाहेर ठेवायला ठोकलीत."

"मैदान माज्या मापाचं ऱ्हायलं," ते म्हणाले, "तर पोरंबी माज्याच मापाची निपजत्याल. मला त्ये नगं."

त्याच वर्षीच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी, सतरा होल झाल्यावर, दोन खेळाडू बरोबरीत होते. पन्नाशी पार केलेले मारुती ओव्हाळ आणि बबन पैलवान. माणहून ट्रकभर लोक आले होते. कुस्तीला यावं तसे आले होते आणि खेळातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे प्रत्येक फटक्याला "हाण!" म्हणून ओरडत होते. सभासद कपाळाला आठ्या घालत होते. त्या गर्दीत मागे, काठीवर हात ठेवून, तात्याही होते.

बबनचा पहिला फटका चिंचांच्या पार पलीकडे. दादांचा नेहमीसारखा सरळ आणि साठ पावलं मागे. दुसऱ्या फटक्यात दादा ग्रीनच्या अलीकडेच राहिले, तिसऱ्यात भोकापासून सहा पावलांवर. बबनचा दुसरा फटका जोरात गेला आणि वाळूच्या खड्ड्यामागे उतारावर जाऊन बसला. आता त्याला वीस पावलांचा फटका मारायचा होता. खड्ड्यावरून आणि अलगद. जरा जोर झाला तर चेंडू पलीकडच्या नाल्यात.

"हाण, बबन्या!" माणची मंडळी ओरडली.

बबनने वर पाहिलं, दादांकडे. प्रतिस्पर्ध्याला सल्ला द्यायचा नाही, असा खेळाचा नियम आहे. दादांनी त्याच्याकडे पाठ केली. नजरेतूनही काही जाऊ नये म्हणून. मी दादांच्या समोर उभा होतो. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि उजव्या हाताची मूठ हळूच सैल होत होती.

चेंडू उठला, खड्डा ओलांडून ग्रीनवर उतरला आणि भोकापासून हातभर अंतरावर थांबला. आवाज इतका हलका झाला होता की फटका बसला हे दादांना लोकांच्या श्वासावरूनच कळलं असावं. मग ते वळले. त्यांनी आपला सहा पावलांचा फटका मारला. चेंडू भोकाच्या कडेला लागला आणि बाजूला गेला. बबनने आपला चेंडू आत घातला. एका फटक्याने तो जिंकला.

त्याने स्टिक टाकली आणि सगळ्या सभासदांसमोर, सगळ्या माण गावासमोर, दुखऱ्या गुडघ्यावर बसून दादांच्या पायावर डोकं ठेवलं. दादांना त्याला उठवता येईना. सगळे तात्यांकडे बघत होते. तात्या गर्दीतून वाट काढत आले.

"वस्ताद," ते म्हणाले, "जत्रंला माणला या. आखाड्यात वस्तादांचा मान असतो."

"जत्रंला न्हाई येनार," दादा म्हणाले. "देव आमी सोडल्यात, तुमाला ठावं हाय. आखाड्याला यीन."

"आखाड्याला या," तात्या म्हणाले.

मी दादांबरोबर गेलो होतो. कुस्त्या सुरू व्हायच्या आधी हलगी थांबवली गेली आणि सुतारदऱ्यापासून हिंजवडीपर्यंतचे जुने वस्ताद बसले होते त्या रांगेत दादांना बसवलं. फेटा बांधायला पंच पुढे झाले, तर तात्यांनी तो त्यांच्या हातून घेतला आणि स्वतः बांधला. म्हाताऱ्या हातांनी सावकाश, एकेक वेढा नीट बसवत. दादा अगदी ताठ बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

परतताना बबनने जीप काढली. भुकूमचा फाटा आला. दादा नेहमी तिथे उतरून चालत जात. त्या दुपारी ते म्हणाले, "पार वस्तीपतूर घे. आईला दावायचाय."

त्यांची आई ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. दादा तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. ती बोटांनी फेटा चाचपत राहिली. वेढे, तुरा, पाठीवर सोडलेला शेमला.

"कुनी बांदला रं?"

"माणच्या तात्यांनी. आखाड्यात. समद्या गावाम्होरं."

म्हातारीने आपल्या आयुष्यात माण कोणत्या बाजूने, किती अंतर राखून पाहिलं असेल ते तिलाच ठाऊक. तिने फेट्याचा शेमला हाताने सरळ केला.

"आज सोडू नगं," ती म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत मारुतीदादा फेटा बांधून ओट्यावर बसून होते. आल्यागेल्याने विचारलं की मान ताठ ठेवून सांगत होते. ते जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण मला ते आठवतात ते तसेच.